ओटिसला कुणी उचलायचं?

फोन वाजला तेव्हा रेलीन पॅस्कोच्या हातात कोंबड्यांच्या दाण्याचं घमेलं होतं. जून महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा, सकाळचे सात, गवत दवाने पांढरं पडलेलं. पलीकडे गावच्या इस्पितळातल्या मुलांच्या डॉक्टर क्विर्कबाई होत्या.

"रेलीन, बेरतोलांची जुळी आठवतात?"

न आठवायला काय झालं? बारा दिवसांपूर्वी तिनेच दोघांची वजनं केली होती. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात तिचं काम दुहेरी. बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळं तपासायची, आणि कुठे रोग उठला की तो कुणाकडून कुणाकडे गेला ते हुडकून काढायचं. एकतीस वर्षं हेच चाललेलं.

"नेलला काल दुपारी हेलिकॉप्टरने ब्रिस्बेनला हलवलं," डॉक्टर म्हणाल्या. "झटके येतायत. कालपासून संशय होता, आत्ता तिथून पक्कं कळलं, हर्पिस आहे. मेंदूत गेलाय."

रेलीनने घमेलं खाली ठेवलं. कोंबड्यांनी त्यावर झडप घातली ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

तापात ओठावर पुळी फुटते ना, तोच हा विषाणू. मोठ्या माणसाला आठवडाभर आरशात बघायची लाज आणतो, यापलीकडे त्याचं काही चालत नाही. एकदा अंगात शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो, एवढंच. पण सोळा दिवसांच्या बाळाला तो जीवे मारतो.

"आणि ओटिस?"

"काल संध्याकाळपासून माझ्याकडे, काचेच्या खोलीत. अजून ठणठणीत आहे. म्हणून तर तुला फोन. औषध आहे. शिरेतून, निदान दोन आठवडे. आधी दिलं तर लागू पडतं. झटके सुरू झाल्यावर दिलं तर देवाच्या हवाली. पण नुसत्या संशयावरून धडधाकट पोराला मी सुया टोचणार नाही, औषधाचा भार किडनीवर पडतो, आणि त्याची किडनी केवढीशी असते ते तुला माहीत आहे. मला नाव पाहिजे, रेलीन. नेलला कुणाकडून आला, आणि त्या माणसाने ओटिसला जवळ घेतलं का, कधी घेतलं. तोवर घरच्या कुणालाही मी त्याला उचलू देणार नाही."

"वेळ किती आहे?"

"त्याच्या अंगात गेला असेल तर आपण बोलतोय तेवढ्यात वाढतोय. आज संध्याकाळपर्यंत बघ."

गाडीत बसता बसता दुसरा फोन आला. ब्रिस्बेनहून, टॅमसिनचा. बाळांची आई. तिचा आवाज रडून रडून सपाट झाला होता. नेलच्या अंगाला नळ्याच नळ्या आहेत, ओटिसला कोण दूध पाजतंय, हे ती दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "नाव कळलं की आधी मला सांग. क्रेगच्या आधी."

यातलं दुखणं डॉक्टरांनी फोनवरच रेलीनच्या कानावर घातलं होतं. हर्पिस म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते, आणि ती अंथरुणातली असते. काल इस्पितळाच्या बोळात क्रेगने, बाळांच्या बापाने, बायकोला एक प्रश्न विचारला होता. चार माणसांनी तो ऐकला. रात्री रक्ताचा निकाल आला: टॅमसिनच्या अंगात हा विषाणू कधी शिरलेलाच नाही. ना ओठातला, ना दुसरा कुठला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण निकालाने दुसरंही सांगितलं. आईच्या अंगातच नसल्यामुळे या रोगाशी लढायचं बळ बाळांना आईकडून मिळालेलं नव्हतं. दोन्ही पोरं पूर्ण उघडी.

म्हणजे जन्मानंतर कुणीतरी दिला. घरात माणसं तीन उरली: क्रेग, टॅमसिनची आई लोर्ना, आणि क्रेगचे वडील सिल्व्हियो. त्यांना सगळा परिसर नोनो, म्हणजे आजोबा, म्हणतो. बाहेरच्या कुणाला बाळंतिणीच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. तिघांचं रक्त काढून उपयोग नाही, कारण बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात हा मुक्कामी असतोच. ओठ पुसून नमुने घेतले होते, पण निकालाला दोन दिवस. दोन दिवस ओटिसकडे होते का?

बंगवाल्बिनच्या ओढ्याकाठी बेरतोलांची टी-ट्रीची, म्हणजे औषधी तेलाच्या झाडांची, शेती. पणजोबा इटलीतून आले, त्यांनी दलदलीतली रानझाडं तोडून भट्टी लावली, तेव्हापासून तेल काढणं चालू. वळणावरच वास आला. म्हणजे आजही भट्टी पेटलेली होती.

लोर्ना स्वयंपाकघरात होती, तोंडाला मास्क. धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती. रेलीन खुर्चीवर बसायच्या आत तीच म्हणाली, "मीच असेन. लिहून घ्या."

"असं का वाटतं?"

"मला चाळीस वर्षं येतात. ओठावर. हे बघा." तिने मास्क खाली केला. खालच्या ओठाच्या कडेला जुना फिकट डाग होता.

"या महिन्यात आलं होतं?"

"नाही. इस्टरला आलं होतं, तेव्हा मी टास्मानियात होते."

"बाळांचे मुके घेतले?"

"एकही नाही." लोर्नाचे डोळे भरले. "पहिल्या दिवसापासून मास्क लावते. झोपेतही. माझ्या तोंडात काय आहे ते मला माहीत आहे ना. जावईबापू हसतात मला. दरोडा घालायला आलात का, म्हणतात."

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. रेलीनने वहीत लोर्नाच्या नावापुढे काही लिहिलं नाही. ज्याला आपल्या आजाराची धास्ती आहे त्याच्याकडून अशी चूक सहसा होत नाही. चूक करतो तो निर्धास्त माणूस. घरात निर्धास्त कोण?

लोर्नाने तिला बाळांची खोली दाखवली. कपडे बदलायच्या टेबलावर सगळं शिस्तीत मांडलेलं. एका डबीत बाळाची नखं कापायची छोटी कात्री, अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच. शेजारी लोकरीचे इवलेसे हातमोजे.

"कात्री वापरलीच नाही?"

"मी आणली होती. क्रेगने हात लावू दिला नाही. यांच्याकडे चालत नाही म्हणे." लोर्नाने खांदे उडवले. "मग मी मोजे विणले. ओटिस बिचारा घालून बसतो. नेल मात्र महाखट, पाच मिनिटांत ओढून काढते. सगळं तोंड ओरबाडून घेतलं होतं तिने."

तिने फोनवर फोटो दाखवले. रोजचे चार तरी. रेलीनने ते सावकाश पाहिले. दोन रविवारांमागचा शनिवार, बाळ सहा दिवसांचं: नेलच्या दोन्ही गालांवर लाल रेघा. पुढचा बुधवार: डाव्या गालावर ताजा ओरखडा, उजवा गाल स्वच्छ. शुक्रवार: उजव्या हाताच्या बोटाला पट्टी.

"ही पट्टी कसली?"

"नखाच्या कडेला फोड आला होता. पाणी भरलेला. दवाखान्यात नेलं, त्यांनी नखुरडं म्हणून मलम दिलं. तान्ह्या बाळांना होतं म्हणाले." तिने फोन खाली केला. "तोच होता का तो?"

"बहुतेक तोच."

लोर्ना पलंगाच्या कडेवर बसली. विषाणू पहिल्यांदा दिसतो तो शिरतो तिथे. ओठ टेकवले असते तर गालावर, कपाळावर, डोळ्यापाशी दिसला असता. इथे तो बोटाच्या टोकाला होता. बाळाच्या बोटाचं टोक कुणाच्या तोंडात कशाला जाईल?

क्रेग अंगणात ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. चौतीस वर्षांचा दांडगा गडी, पण अंगातली हवा गेल्यासारखा. त्याने इस्पितळातून सरळ इथे यायला नको होतं, पण ओटिसला शिवू देत नाहीत आणि नेलपाशी टॅमसिन बसू देत नाही. मग जायचं कुठे?

रेलीनने तेच प्रश्न विचारले. त्याच्या ओठावर लहानपणी यायचं, गेली दहा वर्षं नाही. बाळांना घेतो, डोक्याचा वास घेतो, मुके घेतले असतील, आठवत नाही. दोघांचेही घेतले असतील.

"दोघांचेही?"

"दोघं माझीच आहेत ना." बोलल्यावर त्याला स्वतःचंच बोलणं लागलं. त्याने मान फिरवली.

"क्रेग, कात्री का नाही लावू दिली?"

"कसली कात्री?" मग आठवलं. "हां, ते. वर्ष व्हायच्या आत पोराच्या नखाला लोखंड लावलं की पोर चोर निपजतं, आई म्हणायची. खुळचट आहे, माहितेय मला. पण आई गेल्यावर तिचं तेवढं तरी पाळावं म्हटलं."

"मग नखं वाढली की काय करायचं?"

"कुणास ठाऊक. आमची आईच बघायची."

"त्या रविवारी, बाळं आठवड्याची झाली तेव्हा, नेल कुणाकडे होती?"

त्याने आठवून सांगितलं. रात्रभर दोघं रडली म्हणून टॅमसिन आणि तो दुपारी आडवे झाले. लोर्ना सामान आणायला कोराकीला गेली होती. ओटिस पाळण्यात गाढ झोपला होता. नेल झोपेना, तेव्हा नोनो तिला घेऊन व्हरांड्यात ऊन खात बसले. तासभर. मग दुधाची वेळ झाली म्हणून टॅमसिनने तिला आत घेतलं.

"नोनोंना येतं का ओठावर?"

"पापाला?" क्रेगला हसू आलं, तेही अर्धवट. "त्याला कधीच नाही. तो तेलात मुरलेला लोणच्याचा आंबा आहे."

भट्टीची शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली मोठी पोलादी टाकी. कापलेला पाला टाकीत दाबून भरलेला, खालून वाफ सोडलेली, आणि पलीकडच्या तोटीतून पाण्यावर तरंगत पिवळसर तेल येत होतं. नोनो स्टुलावर बसून तोटीकडे बघत होते. चौऱ्याहत्तरीचे, पाठ ताठ, ओठ पूर्ण झाकून टाकणाऱ्या पांढऱ्या मिशा.

"कापलेला पाला ठेवला तर सडतो," ते न विचारताच म्हणाले. "म्हणून पेटवली. नाहीतर आज कोण पेटवतो."

रेलीनने दुसरं स्टूल ओढलं. तोटीच्या वर भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. तिच्याकडे न बघता ती बसली.

"नोनो, या महिन्यात तुमच्या ओठावर काही उठलं होतं?"

"नाही."

"चुणचुण? आग?"

"मला नाही येत, पोरी. मी येऊच देत नाही."

"थंडीने ओठ फुटलेत का? मिशीखाली सालं निघालीत."

"भट्टीपाशी बसलं की व्हायचंच." त्यांनी शर्टाच्या खिशातली छोटी बाटली काढून बोटावर थेंब घेतला आणि सवयीने ओठावर फिरवला. "नेलचं काय कळलं?"

"अजून तसंच आहे."

"आणि पोरगा? एकटा आहे?"

"नर्स आहेत."

"नर्स काय," नोनो म्हणाले, आणि तोटीकडे वळले.

रेलीन बाहेर आली. तिला जवळजवळ सगळं कळलं होतं, आणि कळू नये असंही तिला फार वाटत होतं. तिने ब्रिस्बेनला फोन लावला आणि नेलच्या खाटेपाशी असलेल्या नर्सला बोलावलं.

"तिचे हात बघाल का? दोन्ही. नखं कशी आहेत सांगा."

नर्सला वाटलं असेल, उंटावरून शेळ्या हाकणारी आणखी एक बाई. तरी तिने पाहिलं. डाव्या हाताची नखं लांब, टोकदार. उजव्या हाताची पाचही आखूड.

"कात्रीने कापलेली?"

"छे. कडा खरबरीत आहेत. नखांत फाटे आहेत. कुणीतरी…" नर्सने तो हात दिव्याजवळ धरला. "कुणीतरी कुरतडल्यासारखी."

रेलीनने क्रेगला आणि लोर्नाला शेडमध्ये बोलावलं. नोनोंनी वाफ बंद केली. तोटीतून थेंब पडायचे थांबले. आता बोलायला काहीच आड येत नव्हतं.

"ज्याने हे केलं," ती म्हणाली, "त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आधी हे ऐका, मग बाकीचं."

रेलीनने वही उघडली.

"दोघं एकाच घरात, त्याच हातांत, तेच दूध. तरी फोड एकट्या नेललाच. मुक्यांनी झालं असतं तर दोघांना व्हायची भीती सारखीच होती. म्हणजे नेलच्या बाबतीत असं काही घडलं जे तोवर ओटिसच्या बाबतीत घडलं नव्हतं. काय घडलं? ती स्वतःला ओरबाडत होती. ओटिस मोजे घालायचा, ही काढायची. शनिवारी तिच्या दोन्ही गालांवर ओरखडे आहेत. बुधवारी एकट्या डाव्या गालावर. म्हणजे मधल्या दिवसांत कुणीतरी तिच्या उजव्या हाताची नखं काढली. डाव्याची राहिली. कात्री वेष्टनातून निघालेलीच नाही, कारण या घरात वर्षाच्या आत लोखंड लावत नाहीत. मग नखं काढायची कशी?"

क्रेग बापाकडे बघत होता. लहानपणचं काहीतरी त्याला आता दिसायला लागलं होतं.

"दातांनी," रेलीन म्हणाली. "माझी मावशीही असंच करायची. बाळाचं बोट तोंडात धरायचं आणि नख अलगद दातांनी तोडायचं. नख तान्हं असतं, कधीकधी कडेची कातडी निघते. विषाणूला तेवढी वाट पुरते. रविवारी दुपारी नेल तासभर व्हरांड्यात होती. उजवा हात झाला, आणि डाव्याला हात घालायच्या आत टॅमसिनने तिला दुधाला नेलं. बरोबर ना, नोनो?"

नोनोंनी मान हलवली. अजून त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता गोंधळ होता. "केलं मी. माझी बायको रोझा असती तर तिने केलं असतं. पोरीचं तोंड रक्ताळलं होतं. पण माझ्या तोंडात काय आहे? मला आलंच नव्हतं."

"आलं होतं. आदल्या दिवशी चुणचुणलं असेल."

"चुणचुणलं. लगेच तेल लावलं. दर दोन तासांनी. पुळी फुटलीच नाही. मेलं ते." त्यांनी तोटीवरच्या चौकटीकडे बोट केलं. "तो काय, तूच दिलेला फोटो."

आता रेलीनला तिकडे बघावंच लागलं. दोन काचेच्या बश्यांचा फोटो. दोन्हींत पेशींचा जांभळा थर. एका बशीत थराला भोकंच भोकं, विषाणूने खाल्लेली. दुसरीत थर अखंड. खाली रेलीनच्याच अक्षरात: 'डावीकडे नुसता हर्पिस. उजवीकडे हर्पिस आणि आपलं तेल.' तीन वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या संशोधकाला तिनेच गावच्या हॉलमध्ये आणलं होतं. तेलाचा भाव पडला होता, माणसं खचली होती. त्यांना बरं वाटावं म्हणून तिने हा फोटो मोठा करून घरोघर वाटला होता.

"तो फोटो खरा आहे," ती म्हणाली. "पण अर्धा आहे. त्या बशीत तेल आणि विषाणू आधी एकत्र कालवले, मग पेशींवर घातले. तेलाने विषाणूला उघड्यावर गाठलं तर ते मारतं. दुसरा प्रयोगही केला होता त्यांनी. विषाणू आधी पेशींत शिरू दिला आणि तेल नंतर घातलं. त्या बशीत भोकंच भोकं. चोर अंगणात असेतो कुत्रं त्याला फाडतं, नोनो. घरात शिरून त्याने आतून कडी लावली की कुत्रं बाहेर नुसतं भुंकतं. तुमच्या ओठात तो पन्नास वर्षं आत बसलाय. तेलाने वरचं वर मेलं, पुळी सुकली, कुणाला दिसली नाही, तुम्हालाही नाही. आतून नवा येतच राहिला."

"तो दुसरा फोटो कुठे आहे?" नोनोंनी विचारलं.

खरं तर एवढाच प्रश्न उरला होता.

"माझ्याकडे होता. त्या दिवशी चहा आला, लोक उठायला लागले. म्हटलं, पुन्हा कधीतरी दाखवू. लोक खूश होते, नोनो. मला ते मोडवलं नाही."

लोर्नाने मास्कवरून तोंड दाबून धरलं. क्रेग भिंतीला टेकून उभा होता, आणि कुणावर ओरडावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. बापावर? या बाईवर? बोळातल्या त्या प्रश्नासाठी स्वतःवर? जो तो हात बांधून उभा. वाईट वागलेलं कुणीच नाही, आणि पोरीला मात्र ब्रिस्बेनला झटके येतायत. एखादा खलनायक मिळाला असता तर किती सोपं झालं असतं.

रेलीनच्या हातात फोन होता. डॉक्टरांना नाव कळवायचं, आणि ओटिसच्या वाट्याला हे आलं नाही, त्याला मोजे होते, एवढी एक बरी बातमी द्यायची. नंबर लावता लावता ती थांबली. एकतीस वर्षांची सवय. शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय वही मिटायची नाही.

"नोनो, ओटिसचं कधी केलं नाहीत ना?"

"काल," ते म्हणाले. "हेलिकॉप्टर गेलं तेव्हा. सगळे तिकडे पळाले. पोरगं घरी एकटंच पाळण्यात रडत होतं. मोजा ओला झाला होता, काढला, तर नखं ही एवढी. म्हटलं बहिणीचं तोंड फाटलं तसं याचं नको." त्यांचा आवाज कुठेतरी आत जायला लागला. "दोन्ही हातांची केली. वेळ होता. मग कोरडे मोजे घातले."

"काल किती वाजता?"

"दोन. अडीच. आधी तेल लावलं होतं ओठाला, पोरी. त्याच्यासाठी मुद्दाम लावलं."

त्यांना आत्ता कळलं. रेलीनने ते कळताना पाहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते तिच्या डोळ्यांसमोरून गेलं नाही.

तिने फोन लावला. डॉक्टरांना सांगितलं, मोजे काढा. पलीकडे दार उघडल्याचा, पावलांचा, पाण्याचा आवाज आला. मग डॉक्टर क्विर्क म्हणाल्या, "दहाही आखूड आहेत. फोड नाही अजून. कधी?"

"काल दुपारी अडीच."

"म्हणजे वीस तास झाले. सुई लावते. आत्ताच."

"उपयोग होईल?"

"नाव मिळालं म्हणून निदान वेळेत लावतेय. पुढचं मला विचारू नकोस."

क्रेग गाडीकडे पळाला, लोर्ना त्याच्या मागे. गाडी सुरू झाली, फाटकातून गेली. काचेपलीकडे उभं राहायला का होईना, त्यांना जायला जागा होती. नोनो स्टुलावरून उठले नाहीत. रेलीन बाहेर जाऊन ट्रॅक्टरपाशी उभी राहिली आणि तिने टॅमसिनला फोन केला. शब्द दिला होता. क्रेगच्या आधी सांगायला काही जमलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. नखं, रविवार, काल दुपार, ओटिसची सुई. सासऱ्यांचं नाव सांगितलं, मग स्वतःचंही, फोटोसकट, चहासकट. काही गाळलं नाही. मध्ये नेलच्या यंत्राचा टिकटिक आवाज येत होता, तो येतोय हेच काय ते समाधान.

"मला कुणावर तरी चिडायचं होतं," टॅमसिन म्हणाली. "काल रात्रीपासून त्यासाठीच थांबले होते."

"माझ्यावर चिड."

"चिडणार आहे. आज अंगात जोर नाही." मग म्हणाली, "नोनो कुठे आहे?"

"शेडमध्ये. एकटेच बसलेत."

"त्याला माझ्यासमोर आणू नकोस, रेलीन. आत्ता नाही, कदाचित कधीच नाही. पण त्याला तिथे एकटं सोडून जाऊ नकोस."

फोन बंद झाला. रेलीन शेडमध्ये परत गेली, दुसरं स्टूल ओढलं आणि म्हाताऱ्याशेजारी बसली. संध्याकाळपर्यंत ती उठली नाही.